ओढ्यातलं विष

बायको गेल्यावर विल्फ टॅलेंटायरला उरली ती एकुलती एक लेक थर्झा आणि उत्तर इंग्लंडातली ईडन नदी. दगडाच्या खाणीतून तो निवृत्त झाला होता. थर्झाचा नवरा गार्थ नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या वरच्या अंगाला खंडाच्या जमिनीवर मेंढ्या पाळायचा.

मार्च सरताना, दुपारच्या सुमारास, नदीवर तपकिरी किडे उठतात. वर्षभर पाण्याखाली दगडांना चिकटून वाढलेले हे जीव वर येऊन पंख उघडतात आणि हिवाळाभर उपाशी असलेले ट्राउट मासे त्यांच्यावर तुटून पडतात. विल्फ तितराच्या पिसांची तशीच खोटी माशी गळाला बांधून मांडीभर गार पाण्यात उभा राही.

त्या वर्षी पाण्यावर काहीच उठलं नाही. त्याने वाकून दगड उलटले, तर खालची बाजू घासल्यासारखी स्वच्छ. काठच्या फेसात मेलेले किडे अडकले होते. ओढा नदीला मिळतो त्याच्या वर मात्र नदीतल्या दगडांखाली वळवळ होती. तो ओढ्याच्या काठाने चढत गेला आणि जावयाच्या मेंढवाड्याशी पोचला. मेंढ्यांना खरजेसाठी विषारी औषधाच्या पाण्यात बुचकळून काढायचा हौद रिकामा होता. त्यातून ओढ्यापर्यंत ओला चर गेला होता.

"फुटला का रे?" विल्फने विचारलं.

"नाही. मीच सोडला," गार्थ म्हणाला. "ट्रॅक्टर बंद, जमीन थंडीने गोठलेली. कुठे वाहून नेऊ? चार किड्यांसाठी एवढं काय?"

थर्झा घराच्या दारात आली. "बाबा, तुम्ही इकडे आलाच नव्हतात. बस्स."

विल्फ घरी गेला आणि गप्प बसला. पण गावातल्या दारूच्या गुत्त्यात लोक नदीत विष सोडल्याच्या संशयाने म्हाताऱ्या आयझॅक बर्केटवर घसरले. त्याच्याही मेंढ्या त्याच ओढ्यावर होत्या. कुणीतरी त्याच्या खिडकीवर दगड मारला. आयझॅक विल्फला म्हणाला, "तू तरी सांग की रे त्यांना. तू तर रोज नदीवर असतोस."

दुसऱ्या दिवशी विल्फने नदीखात्याच्या माणसाला चर नेऊन दाखवला. गार्थ वाड्यात उभं राहून बघत होता.

खटला झाला. मालकाने गार्थची जमीन काढून घेतली. मेंढ्या लिलावात गेल्या. स्कॉटलंडात कुणाकडे तरी गड्याची नोकरी धरून दोघं निघाली. जायच्या दिवशी थर्झा आईचं शिलाई मशीन न्यायला आली. विल्फने एक बाजू धरायला हात पुढे केला.

"राहू द्या. माझं मी नेते."

"पोरी, आयझॅकचं काय झालं असतं?"

"आयझॅकला विचारा मग, म्हातारपणी भाकरी घालशील का म्हणून."

गाडी वळणाआड गेली. पुढे नातू झाला, हे विल्फला टपालवाल्याकडून कळलं. त्याने एक लोकरीचं टोपडं पाठवलं. ते न उघडताच परत आलं.