कॅप्टनची मागची सीट

त्याला सगळे कॅप्टन म्हणत. ही पदवी त्याला कुणी दिली नव्हती, त्याने स्वतःच ती जॅकेटवर शिवून घेतली होती. एरवी तो टाइल्स आणि नळांच्या दुकानाचा मालक. आठवडाभर काचेच्या दारामागे उभा राहून तो गिऱ्हाइकांना हस्तिदंती, सायीचा आणि मोतिया यांतला फरक समजावून सांगे, आणि गिऱ्हाईक शेवटी साधा पांढरा घेऊन जाई. हा अपमान माणसाने किती वर्षं गिळायचा? पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि त्या सल्ल्याचा पुरेपूर मान राखून त्याने मोटरसायकल घेतली.

मोटरसायकल कसली, चाकं लावलेला हत्तीच तो! स्टँडवरून काढताना कॅप्टनच्या तोंडून जो आवाज निघे तो इंजिनाच्या आधी शेजाऱ्यांना जागं करी. ती पुसायला त्याने जो मऊ कपडा आणला होता, तसला मऊ कपडा घरात दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेला नव्हता.

गाडी आली तसा संघही आला. नाव 'वळणवेडे'. दातांचा डॉक्टर, चष्म्यांचा दुकानदार आणि त्यांच्यासारखेच आणखी काही पोटं सुटलेले तरुण. सगळ्यांना एकसारखी काळी जॅकेटं, पाठीवर मोठ्या अक्षरांत संघाचं नाव. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर जमायचं, टेकड्यांतून जाणाऱ्या नागमोडी रस्त्याने तळ्याकाठच्या हॉटेलात जेवायला जायचं आणि दिवेलागणीच्या आत आपापल्या घरी. त्या हॉटेलाकडे सरळ, रुंद, गुळगुळीत महामार्गही जात होता. पण महामार्गाचं नाव काढलं की कॅप्टनचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होई.

"सरळ रस्त्याने काय, गाढवही जातं," तो म्हणे.

त्याची बायको मागच्या सीटवर बसे. बसे म्हणजे बसवली जाई. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. रोज सकाळी रांगेने येणाऱ्या दंडांतून शीर शोधायची, सुई टोचायची, आणि टोचताना माणसाला असं काही बोलण्यात गुंतवायची की त्याला कळूही नये. भले भले पैलवान तिच्यासमोर डोळे गच्च मिटून बसत. अशा बाईला आठवड्यात सुटीचा एकच दिवस, तो नवऱ्याच्या पाठीकडे बघण्यात जाई. पण नवऱ्याचा उत्साह बघून तिने कधी मोडता घातला नाही.

दोघांच्या हेल्मेटांत बोलण्याऐकण्याचं यंत्र बसवलेलं होतं. कॅप्टनची कल्पना अशी की आपण बोलायचं आणि बायकोने ऐकायचं. पहिल्या दोन-तीन रविवारी मात्र उलटंच व्हायला लागलं. "अहो, हळू." "अहो, पुढे ट्रॅक्टर आहे." "अहो, दिसला का ट्रॅक्टर?" कॅप्टनला ट्रॅक्टर दिसलेला असे, पण असा दाखवून दिलेला ट्रॅक्टर कुठल्या कॅप्टनला आवडतो? त्याने यंत्राचं बारकाईने निरीक्षण केलं तेव्हा एक बटण सापडलं. ते दाबलं की मागच्या बाजूचा आवाज बंद होई आणि पुढचा चालू राही. संसारात असं बटण मिळायला पंचवीसहून जास्त वर्षं लागली होती. त्याने ते दाबलं, आणि या कानाची खबर त्या कानाला लागू दिली नाही.

तर अशाच एका रविवारची गोष्ट. पंपावर सगळ्यांनी पेट्रोल भरलं. कॅप्टनने नेहमीप्रमाणे भाषण केलं: अंतर राखा, वळणावर ब्रेक मारू नका, आणि काहीही झालं तरी संघ फुटता कामा नये. भाषण लांबलं. बायकोने ते तोंडपाठ असल्यामुळे तेवढ्यात पंपाच्या मागे जाऊन यायचं ठरवलं. स्वच्छतागृहाची किल्ली कॅशियरबाईंकडे होती, कुलूप गंजलेलं होतं, आणि एवढं करून आत शिरावं तोच बाहेर शिटी वाजली. कॅप्टनची शिटी वाजली की गाड्या सुटत.

"बसलीस?" कॅप्टनने विचारलं.

ती बसली की त्याच्या पाठीवर थाप मारायची, हा त्यांचा ठरलेला इशारा. या वेळी थाप त्याच्या सीटमागच्या सामानाच्या पेटीवर बसली. पेटीचं झाकण उघडं राहिलेलं बघून पंपावरच्या माणसाने ते धप्पकन दाबून बसवलं होतं. कॅप्टनला तेवढं पुरलं. म्हणाला, "शाब्बास," आणि निघाला.

संघाच्या शेवटी दातांचा डॉक्टर असे. कुणी मागे राहत नाही ना हे बघायची जबाबदारी त्याची. त्याने गाड्या मोजल्या, बरोबर भरल्या. माणसं मोजायची असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी कॅप्टनला सूरच लागला. गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी वळत होती. चढ जाणवत नव्हता, उतार छळत नव्हता. "बघितलंस?" तो हेल्मेटमध्ये म्हणाला. "याला म्हणतात हात बसणं. नुसती नजर फिरवायची, गाडी आपोआप येते." मागून काही उत्तर आलं नाही, पण ते तसंही कधी येत नसे. मग त्याने तिला रस्त्याचा इतिहास सांगितला, चष्मेवाल्याला वळता कसं येत नाही ते सांगितलं, घराच्या मोरीतल्या टाइल्स बदलण्याचा आपला विचार सांगितला, आणि ती विरोध करत नाही असं बघून रंगही ठरवून टाकला. इतका सलग आणि इतका मोकळा संवाद त्यांच्यात कित्येक वर्षांत झाला नव्हता. त्याला मनापासून बरं वाटलं.

तळ्याकाठी हॉटेलासमोर त्याने गाडी थांबवली आणि हात मागे केला. "ये, उतर."

हाताला कुणी लागलं नाही. त्याने मान वळवली. मागे सीट होती, सीटमागे पेटी होती, पेटीमागे तळं होतं.

"ही कुठे गेली?" त्याने विचारलं.

बाकीचे येऊन थांबत होते. चष्मेवाल्याने हेल्मेट काढलं, चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि सीटकडे पाहिलं. चष्म्यात दोष नव्हता.

"वहिनी?" तो म्हणाला.

"मागे होती!"

"मघाशी होत्या की आत्ता?"

 कॅप्टनने बायकोला फोन लावला. रिंग वाजली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मग ध्यानात आलं की ती रिंग त्याच्याच पोटाशी, टाकीवर बांधलेल्या पिशवीत वाजतेय. तिचा फोन सकाळी त्यानेच तिथे ठेवला होता, सुरक्षित राहावा म्हणून. पडलेला जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला.

"पडली," तो म्हणाला. "वळणावर कुठेतरी पडली ती."

कुणी हसलं नाही. दातांचा डॉक्टर पांढराफटक पडला, कारण शेवटी तोच होता, आणि रस्त्यात पडलेली बाई शेवटच्या माणसाला दिसायला हवी होती. "दरीच्या बाजूला गेल्या असतील तर दिसणार नाहीत," असं तो म्हणाला खरा, पण त्याने कुणाला धीर आला नाही.

संघातल्या दोघांनी हॉटेलात थांबावं असं चष्मेवाल्याने सुचवलं. सूचना शहाणपणाची होती, म्हणून ती फेटाळली गेली. संघ फुटता कामा नये! सगळ्या गाड्या एकामागे एक पुन्हा त्याच नागमोडी रस्त्याला लागल्या.

ज्या वळणांवरून कॅप्टन मघाशी गप्पा मारत आला होता, त्यांतलं एकेक वळण आता त्याला खायला उठलं. प्रत्येक ठिकाणी तो उतरे, कठड्यावरून वाके, झुडपांत बघे आणि हाका मारी. बायकोला नावाने हाक मारायची सवय मोडून जमाना झाला होता. आधी तो "अगं" म्हणून ओरडला. अख्ख्या टेकडीवर नुसतं "अगं, अगं" घुमलं. मग त्याने तिचं नाव घेतलं, आणि ते इतक्या जोरात घेताना त्यालाच कसंसं झालं.

एका वळणाच्या कडेला एक बाई शेळ्या राखत बसली होती.

"बाई, इथे कुणी बाई पडलेली पाहिलीत का?"

"कुठे पडली?"

"तेच तर विचारतोय!"

"कधी पडली?"

कॅप्टनने घड्याळात पाहिलं.

"अंगावर काय होतं?"

 पांढऱ्याच्या कितीतरी छटा अंधारात ओळखणाऱ्या त्या माणसाला बायकोच्या अंगावर आज काय आहे ते आठवेना. सकाळी चहा देताना काहीतरी होतं. निळं? निळं परवा होतं. त्याने डोक्याला हात लावला.

"अरे, आपलंच काळं जॅकेट होतं की," दातांचा डॉक्टर हळूच म्हणाला. "तूच वाटलेलं."

शेळ्यांच्या बाईने त्या सगळ्या काळ्या जॅकेटांवरून नजर फिरवली आणि तोंड फिरवून घेतलं. हसू लपवायची तेवढीच सोय होती.

पुढच्या वळणाखाली चष्मेवाल्याला गवतात एक बूट दिसला. कॅप्टन घसरत, ओरबाडून घेत खाली उतरला, बूट छातीशी धरला आणि मटकन बसला. "तिचाच आहे," तो म्हणाला आणि हमसून हमसून रडू लागला. कसं तरी घर चालवणारी, त्याची बडबड ऐकणारी, रविवारी झोपायचं सोडून पाठीमागे बसणारी ती बाई त्याच्या डोळ्यांपुढे आली. आणि डोळ्यांपुढे आली तरी तिची फक्त पाठ दिसत होती, स्वयंपाकघरातल्या ओट्याकडे तोंड केलेली. याचंही त्याला रडू आलं. चष्मेवाल्याने त्याला रडू दिलं. मग खाली उतरून बूट हातात घेतला, उलटा केला. आतून माती पडली आणि एक गोगलगाय निघाली. बूट पुरुषाचा होता आणि चांगलाच जुना होता.

"कॅप्टन, हा तुमच्याही पायाला मोठा होईल," चष्मेवाला म्हणाला.

असं करत करत संघ पंपावर येऊन टेकला. कॅप्टनचा घसा बसला होता, पँट गुडघ्यावर फाटली होती. कॅशियरबाई काचेमागे बसून काकडी खात होत्या.

"आलात का?" त्या म्हणाल्या. "तुमच्या मिसेस मघाच गेल्या. गाद्या पोचवणाऱ्या नवरा-बायकोचा टेम्पो चालला होता तळ्याकडे, महामार्गाने. म्हणाल्या, विचारायला आले तर सांगा, मी जेवायला पुढे गेले. आणि नाही विचारायला आले, तर सांगू नका."

कॅप्टन काउंटरला धरून उभा राहिला. त्याला हसावं की रडावं कळेना, आणि घसा बसल्यामुळे दोन्ही जमलं नसतं. मग तो गाडीवर बसला आणि महामार्गाला लागला. सरळ, रुंद, गुळगुळीत.  गाढवाचा विषय कुणाला आठवला असेल तर त्याने तो मनातच ठेवला.

ती हॉटेलात खिडकीशी बसली होती. केस मोकळे, पाय समोरच्या खुर्चीवर. संघाने आधीच सांगून ठेवलेलं जेवण गार होत होतं म्हणून तिने आणि गादीवाल्या जोडप्याने त्याला हात लावला होता. हात चांगलाच लागला होता. गादीवाली बाई तिला काहीतरी सांगत होती आणि ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. कॅप्टन दारात उभा राहून बघत राहिला. तिला असं हसताना शेवटचं कधी पाहिलं ते काही त्याला आठवेना.

"आलात? बसा," ती म्हणाली. मग गुडघ्याकडे लक्ष गेलं. "हे काय लागलं?"

"तू पडलीस असं वाटलं गं," त्याने कसंबसं म्हटलं. "सगळी वळणं शोधली."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. क्षणभर तिचा चेहरा मऊ झाला. तिने पाणी मागवलं, रुमाल ओला करून त्याचा गुडघा पुसला, पुसताना त्याला गादीच्या टेम्पोची हकीकत सांगितली, आणि चरचरलं केव्हा ते त्याला कळलंही नाही. एवढ्यावर निभावलं असतं तर कॅप्टनचं नशीब थोर म्हणायचं.

"पण मला एक सांगा," ती म्हणाली. "तुम्ही निघालात तेव्हा हेल्मेट माझ्या डोक्यावरच होतं. तुमचं 'शाब्बास' मला ऐकू आलं. मी आतून ओरडत होते, अहो थांबा, अहो थांबा. तुमचा आवाज लांब जाऊन विरून जाईपर्यंत ओरडत होते. तुम्हाला ऐकू कसं आलं नाही?"

"यंत्र बिघडलं असेल," कॅप्टन म्हणाला.

आता दातांच्या डॉक्टरला मघापासून प्रायश्चित्ताची संधी हवी होती. त्याने तत्परतेने कॅप्टनचं हेल्मेट उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि आनंदाने जाहीर केलं, "छे, बिघडलं कुठे! वहिनींचा आवाज बंद करून ठेवलाय, एवढंच. हे बघा, इथे दाबलेलं आहे."

 गादीवाली बाई नवऱ्याकडे बघू लागली, नवरा छताकडे बघू लागला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"उन्हाळ्यापासून," कॅप्टन म्हणाला. खोटं बोलायला घसाच नव्हता.

तिने मान हलवली. भांडली नाही, रडली नाही. हेल्मेट डॉक्टरच्या हातून घेतलं, बटण आपल्या अंगठ्याने दाबलं आणि ते नवऱ्यासमोर ठेवलं. "चला, जेवून घ्या. गार झालंय."

परतीच्या रस्त्यावर काय काय बोललं गेलं ते मागच्यांना ऐकू आलं नाही. मात्र कॅप्टन घरापर्यंत ट्रॅक्टरच्याही मागे मागे चालत होता, आणि त्याचं हेल्मेट सतत होकारार्थी हलत होतं, हे डॉक्टरने नंतर सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या रविवारी तिने सांगितलं की मी येत नाही, मला झोपायचंय. कॅप्टन एकटा गेला. आणि जेवणाच्या वेळेआधीच दारात त्याच्या चाव्या खुळखुळल्या. ती नुकतीच डोक्याला तेल लावून, खिडकीशी उशी घेऊन आडवी झाली होती. घरात कसलाही आवाज नव्हता, आणि तो नसलेला आवाज ती चवीने ऐकत होती.

"लवकर आलात?"

"हवा खराब होती," कॅप्टन बूट काढत म्हणाला.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. कडकडीत ऊन पडलं होतं. तिने एक सुस्कारा टाकला, उशी सरकवून त्याच्यासाठी जागा केली आणि डोळे मिटले.

"बसा. पण बोलू नका."