डब्यात घातलेला हात

ऑफिसात त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणत, कारण आजारी सर्व्हर त्यांच्या हाताखाली आला की बरा व्हायचा. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं. खुर्ची पुढे ओढायची, चष्मा कपाळावर सरकवायचा, चालत्या यंत्रात शिरून दोन-चार ओळी बदलायच्या आणि म्हणायचं, "झालं, घ्या." काय केलं ते सांगायची पद्धत नव्हती. कुणी विचारलंच तर म्हणत, "औषधाचं नाव कळून काय करायचंय? गुण आला ना?"

मग कंटेनर आले. म्हणजे डबेच. डब्यात प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान भरायचं, आणि काय कसं भरलं ते एका फाईलीत लिहून ठेवायचं. तोच डबा चाचणीला, तोच गिऱ्हाइकाकडे. बिघडला तर दुरुस्त करायचा नाही. फाईल सुधारायची, तिच्यावरून नवा भरायचा, जुना टाकून द्यायचा.

"शिंक आली की माणूसच बदलायचा म्हणा की!" वैद्यबुवा साहेबांना तोंडावर म्हणाले. साहेब वीस वर्षांनी लहान, पण कामाला पक्के. त्यांनी हसून भिंतीवर कागद चिकटवला: चालत्या डब्यात कुणीही हात घालायचा नाही.

पण जित्याची खोड ती. सोमवारी डायलिसिस केंद्राच्या प्रोग्रॅमचा डबा सुरू झाला आणि वैद्यबुवांच्या नजरेला आलं की त्याचं घड्याळ तीन तास मागे आहे. रुग्णांना पाळीची वेळ कळवणारे मेसेज त्याच घड्याळावर चालायचे; ते मागे असलं की दोनच्या पाळीला मेसेजात अकरा पडायचे. फाईल सुधारा, चाचणी लावा, मंजुरी घ्या, कोण एवढे सोपस्कार करणार? ते डब्यात शिरले, घड्याळ लावलं आणि चहाला गेले.

बुधवारी दुपारी नव्या बाईंनी त्याच प्रोग्रॅमची सुधारलेली आवृत्ती चढवली. बाई चाळिशीच्या. दहा वर्षं मुलं आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई सांभाळून नोकरीत परतलेल्या, सहा महिन्यांच्या बोलीवर. त्यातले पंधरा दिवस उरले होते. नवा डबा उभा राहिला, जुना गेला आणि त्याच्याबरोबर वैद्यबुवांनी लावलेलं घड्याळही गेलं. संध्याकाळी मेसेज सुटले. गुरुवारी दोनच्या पाळीचे नऊ रुग्ण अकरालाच येऊन केंद्राच्या बाकांवर बसले. एका आजोबांच्या सुनेने त्यासाठी बिनपगारी रजा टाकली होती. ती साहेबांना फोन करून रडली.

बदलांच्या नोंदीत नाव एकच होतं, बाईंचं. दिवसभर त्या स्वतःच्या ओळी वरून खाली आणि खालून वर वाचत बसल्या. जेवणाचा डबाही उघडला नाही. "माझंच काहीतरी चुकलं असणार," त्या वैद्यबुवांना म्हणाल्या. "हात बसायला वेळ लागतोय हो. साहेब म्हणाले, मुदतीबद्दल उद्या बोलू."

चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि चोर शेजारच्या खुर्चीत बसून "बघू, सापडेल," म्हणत होता. शोधून कुणाला काही सापडणार नव्हतं. जुना डबा गेला तशा त्यातल्या खाणाखुणाही गेल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. वर म्हणाले, "कुणाला कळणार नाही म्हणा."

"अहो, तुम्हाला कळलंय की," ती म्हणाली आणि आमटी वाढून उठली.

सकाळी ते साहेबांच्या दारात उभे राहिले. बाई आत होत्याच, मांडीवर वही घट्ट धरून.

"घड्याळ सोमवारीच चुकलेलं होतं," वैद्यबुवा म्हणाले. "मी हाताने लावलं आणि कुणाला सांगितलं नाही. बाईंनी नियमाने काम केलं, म्हणून माझी लबाडी उघडी पडली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "काका, याला पुरावा?"

"नाही. म्हणून तर सांगायला आलोय."

हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं ऑफिसात नंतर बरेच जण म्हणाले. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बघत म्हणाले, "चालत्या सर्व्हरवरचा तुमचा प्रवेश बंद करावा लागेल." आणि बाईंकडे वळून, "तुमचं पत्र आजच काढतो. नोकरी पक्की."

बावीस वर्षांची मिरास दहा मिनिटांत संपली. वैद्यबुवांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. उगाच कशाला लपवा? पण बाईंच्या चेहऱ्यावर रंग परतलेला त्यांनी पाहिला, आणि दोन्ही गोष्टी एकदमच मनात राहिल्या.

दुपारी दोघं एका टेबलाशी बसली. ओळ वैद्यबुवांनी सांगितली, फाईलीत बाईंनी लिहिली. डबा नव्याने भरला, चाचणीत घड्याळ बरोबर निघालं. शेवटी बदलाचं कारण लिहायचं होतं. बाईंनी लिहिलं, "घड्याळ इथल्या वेळेवर आणलं."

"पुढे लिहा," ते म्हणाले. "हे आधी मी हाताने केलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. खाली माझं नाव."

"कशाला? ही नोंद कायमची राहते. पुढे येणारा प्रत्येक जण वाचेल."

"वाचू दे."

बाईंनी लिहिलं. पण नोंद पक्की करायचं बटण काही त्यांच्याने दाबवेना. तेव्हा वैद्यबुवांनी आपणच बोट पुढे केलं आणि दाबलं.