कोकराच्या कातड्याचा एप्रन

मारुंजीत आमच्या वरच्या खोलीत एक वयस्कर भाडेकरू राहतात. पुस्तक वाचताना ते ओळीवर बोट ठेवून थांबतात आणि समासात बारीक खूण करतात. परवा त्यांनी कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन उन्हात टाकला. थोरल्या जाऊबाईंनी लगेच मोबाईलवरचा एक व्हिडिओ पुढं केला.

"बघ गं, ह्यो फ्रीमेसन हाय. सैतानाला पुजत्यात ही. रविवारी खोली खाली करायला सांगते."

मी कुणाशी फार बोलत नाही. तरी चहा देताना विचारलं, "काका, तुमी सैतानाला पुजता व्हय?"

ते हसले नाहीत. "नाही ताई. फ्रीमेसन ही गवंड्यांच्या रिवाजांवरून निघालेली, एकमेकांना भाऊ मानणाऱ्यांची जुनी संघटना. पूर्वीचे गवंडी असा एप्रन बांधायचे. आम्ही तो सभेत बांधतो." मग त्यांनी हातातल्या पुस्तकाची शेवटची पानं उघडली. "लिहिणाऱ्यानं कुठून काय घेतलं, ते इथं दिलंय. मी आधी हेच बघतो. माझ्याही शब्दावर जाऊ नका, मी त्यांच्यातलाच आहे."

"माझंच खरं मानू नका" म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

रविवारी जाऊबाई जिना चढू लागल्या. मी खालून विचारलं, "अक्का, त्यो व्हिडिओ केलाय कुणी?"

"मला काय ठावं?"

"मग त्यांना कुणाच्या सांगण्यावरनं काढायचं?"

जाऊबाई पायरीवरच बसल्या आणि तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून बघू लागल्या.