डेट्रॉइट की बर्लिन

पाटसला स्पीकर दुरुस्त करणारे एक मामा आहेत. गिऱ्हाईक आलं की ते टेक्नो संगीताच्या दोन जुन्या रेकॉर्ड आळीपाळीनं लावायचे. "ही डेट्रॉइटच्या कंपनीची, हिच्यात मशीन रडतंय. ही बर्लिनची, हिच्यात मशीन नुसतं पळतंय. तुमाला कुठली आवडली?" आणि उत्तरासाठी हातातलं काम थांबवायचे.

एकदा चहाच्या टपरीवर मी त्यांची हुबेहूब नक्कल केली. सगळे खदखदून हसले. वळून पाहिलं, तर मामा मागंच उभे होते.

आठवड्यानं माझा स्पीकर आणायला गेलो. दुकानात रेकॉर्ड लागली नाही. शेवटी मीच म्हणालो, "मामा, मला डेट्रॉइटची आवडते. खरंच."

"स्पीकर झालाय तुमचा," ते म्हणाले, आणि हातातलं काम न थांबवता त्यांनी तो माझ्याकडं सरकवला.