शेवटच्या रांगेतला बुटका शिपाई

आधी टकटक, मग कान, मग निकाल. मावशींची पद्धत ठरलेली होती. त्या समोर उभ्या राहायच्या, उजव्या हाताचं मधलं बोट वाकवायच्या आणि तुमच्या छातीवर टक् टक् वाजवायच्या. बाजारात आपण कलिंगड वाजवून बघतो ना, तसं. मग कान जवळ न्यायच्या. त्यासाठी त्यांना वाकावं लागत नसे. त्यांचा कान मुळातच आमच्या छातीच्या उंचीवर होता.

"इथे पातळ आहे," त्या म्हणायच्या. "पार पापड झालाय. बसलास की फुटणार."

आणि मी बसलो की फुटायचं.

छाती म्हणजे चिलखताची छाती. हे आताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मला हृदयविकाराच्या डॉक्टरकडे पाठवाल. मी सिडनीत गिरावीनला राहतो, सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटरसमोर बसतो आणि शनिवारी परग्रहावरचा शिपाई होतो. आमच्या लहानपणी एक अंतराळमालिका लागायची. तिचं नाव सांगत नाही, कारण नाव घेतलं की आमच्यातलं कुणीतरी तिच्यावर बोलायला लागतं आणि सगळ्यांचं जेवण गार होतं. त्या मालिकेत खलनायकाची एक राखाडी फौज होती. या फौजेचं काम एवढंच, की रांगेत यायचं, नेम चुकवायचा आणि पडायचं. जगात असे प्रौढ लोक आहेत, जे त्या फौजेचं चिलखत घरी बनवतात, अंगात घालतात आणि मुलांच्या हॉस्पिटलात, शाळांच्या जत्रांत, देणगीच्या पदयात्रांत मिरवतात. आमच्या सिडनीच्या तुकडीत नर्स आहेत, गणिताचे मास्तर आहेत. कमांडर आहे तो प्लंबर, सव्वासहा फुटांचा. आणि मी आहे, ज्याने एके काळी महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांत तीन अंकांत तीनदा मरून टाळ्या घेतल्या आहेत.

आमच्याकडे एकच धर्म. पडद्यावर आहे तसंच हवं. साधारण तसं नाही. तसंच.

मावशी या धर्मात आल्या त्या फुग्यांची बशी घेऊन. मावशी वसईच्या, ख्रिस्ती, आमच्यापासून दोन घरं सोडून राहायच्या. नाताळच्या आधी त्यांच्याकडे तळलेले गोल फुगे व्हायचे आणि ते वाटायला त्या स्वतः निघायच्या. त्या दिवशी मी गॅरेजमध्ये होतो. जुन्या ओव्हनमध्ये प्लास्टिकची शीट तापवत होतो. शीट मऊ होऊन लोंबायला लागली की ती झटकन साच्यावर दाबायची आणि खालून व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढायची, म्हणजे ती साच्याला चिकटून बसते. निदान बसायला हवी. माझी दरवेळी फाटायची. घरचा व्हॅक्यूम क्लीनर या कामाला नेल्यामुळे बायकोही फाटायच्या बेताला आली होती.

मावशींनी बशी ओव्हनवर ठेवली आणि डोळे बारीक केले.

"काय रे, कवळ्या करतोयस की काय एवढ्या मोठ्या?"

"छाती करतोय, मावशी."

"कुणाची?"

मी समजावलं. त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि मग हसायला लागल्या. आयुष्यभर त्या दातांच्या लॅबमध्ये काम करून नुकत्या निवृत्त झाल्या होत्या. कवळ्या, आणि खेळाडू दात वाचवायला तोंडात घालतात ते गार्ड, हे त्यांचं काम. गार्डही असाच बनतो. शीट तापवा, साच्यावर ओढा, हवा खेचा.

"मेल्या, तुझं फक्त मोठं आहे," त्या म्हणाल्या, "आणि घाई जास्त आहे. कोपऱ्यात ताणलं जातंय बघ. साचा उंच केलास की फाटणारच. सरक."

मी सरकलो. त्यानंतर माझ्याच गॅरेजमध्ये मी कायम सरकलेलाच राहिलो.

वर्षभरात आमचं गॅरेज म्हणजे शस्त्रागार झालं. अर्ध्या सिडनीतले उंच, दाढीवाले, गोंदवलेले पुरुष शनिवारी दारात उभे राहायचे, "आफ्टरनून, आंटी," म्हणायचे आणि छाती पुढे करायचे. टक् टक्. "गो होम," मावशी सांगायच्या, "कम बॅक नेक्स्ट वीक." सव्वासहा फुटांचा कमांडर मान खाली घालून घरी जायचा.

माझं स्वतःचं चिलखत पहिल्या फेरीत नापास झालं, ती गोष्ट मावशी प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत. आमच्याकडे मंजुरी लागते. चारी बाजूंनी फोटो काढायचे, ते समितीला पाठवायचे, समिती ते पडद्यावरच्या चित्राशेजारी लावून बघते. आता त्या शिपायांच्या छातीवर एक काळा पट्टा आहे आणि तो वाकडा आहे. मालिकेच्या रंगाऱ्याला त्या दिवशी बहुधा घरी जायची घाई असावी. उजव्या खांद्यावर एक स्क्रूही कमी आहे. मी पडलो इंजिनियर. मी पट्टा सरळ काढला आणि स्क्रू लावला. वाटलं, समिती खूष होईल.

"मेट, हे फार सुंदर आहे," कमांडर फोनवर कळवळून म्हणाला, "म्हणूनच नापास. आम्हाला चांगलं नको. तसंच हवं."

मावशींना हे कळलं तेव्हा त्या हसता हसता खुर्चीच धरून बसल्या. "शिपायाला शहाणा करायला निघाला होता हा!" म्हणाल्या. "तरी मी विचारलं होतं. पट्टा काढतोयस, पण पडद्यावर आहे का असा?"

पडद्यावर आहे का? हे त्यांचं पालुपद. मी नवीन शर्ट घातला तरी विचारायच्या. बायकोने वेगळी भाजी केली तरी विचारायच्या.

एवढं सगळं करून मावशींकडे स्वतःचं चिलखत नव्हतं. त्यांची उंची पाच फुटांना थोडी कमी. राखाडी शिपाई सगळे सहा फुटी, कारण मालिकेवाल्यांनी तसेच नट निवडले होते. त्यामुळे उंचीचीही अट होती. मावशी आमच्या सांभाळणाऱ्या होत्या. हे पद गमतीचं वाटेल, पण त्याशिवाय तुकडी हलत नाही. हेल्मेटमधून पायाखालचं दिसत नाही, ऐकू कमी येतं, बसता येत नाही, नाक खाजवता येत नाही. म्हणून एक साध्या कपड्यातला माणूस सोबत असतो. मावशी खांद्याला पिशवी लावून आमच्यापुढे चालायच्या. पिशवीत पाणी, स्ट्रॉ, स्क्रू ड्रायव्हर, चिकटपट्टी. आणि तोंडाने सूचना चालू. "स्टेप, स्टेप. डावीकडे बाळ आहे. तू नाही रे, पलीकडचा तू! मेल्या, खांब!" विश्वाला धाक घालणारी फौज त्यांच्यामागून गुराढोरांसारखी निघालेली असायची.

असंच एकदा मुलांच्या हॉस्पिटलात गेलो होतो. एका खाटेवर सातेक वर्षांची मुलगी होती, डोक्याला रंगीत रुमाल बांधलेली. तिने आमच्याकडे नीट पाहिलं आणि मग मावशींना विचारलं, "तू का नाहीस सोल्जर?"

"मी यांना घेऊन येते," मावशी म्हणाल्या.

"पण तू का नाहीस?"

"माझी उंची कमी पडते."

मुलीने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाली, "माझीपण."

  मावशींनी त्या पोरीला पाणी पाजलं आणि उगाच माझ्या पाठीची चिकटपट्टी दाबली. येताना गाडी गिरावीनला सिग्नलवर थांबली तेव्हा समोर बघत म्हणाल्या, "मलापण पाहिजे."

"काय?"

"काय म्हणजे? चिलखत. आणि कौतुकाचं, खोटं नको. समितीचं. मंजुरीचं."

मग त्या कामाला लागल्या. त्यांनी ती सगळी मालिका पहिल्यापासून लावली. तोवर त्यांनी तिचा एकही भाग धड बघितला नव्हता हे कमांडरला कळलं असतं तर तो रडला असता. गोष्ट काय चाललीय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. नायक मरत असला तरी मावशी मागच्या रांगा बघायच्या. आणि एका दुपारी त्यांचा फोन आला.

"ये. चप्पल नको घालूस, तसाच ये."

टीव्हीवर चित्र थांबवलेलं होतं. विमानतळासारखी मोठी जागा, फौज रांगेत उभी. मावशींनी स्टुलावर चढून पडद्यावर बोट ठेवलं. शेवटची रांग, डावं टोक. तिथे एक शिपाई होता आणि शेजारच्याच्या जेमतेम खांद्याला लागत होता. हेल्मेट मोठं झाल्यामुळे डावीकडे कललेलं. कमरेचा पट्टा घसरून मांडीवर आलेला. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच चित्र पुढे सरकतं, म्हणून इतक्या वर्षांत आम्हा विद्वानांपैकी कुणालाच तो दिसला नव्हता. बहुधा त्या दिवशी एक नट आला नसेल आणि जो हाताशी सापडला त्याला उभं केलं असेल.

मावशी स्टुलावरून उतरल्या. "पडद्यावर आहे," म्हणाल्या.

समिती बसली ती कमांडरच्या अंगणात, सॉसेज भाजता भाजता. लॅपटॉप बर्फाच्या डब्यावर. कमांडर गुडघ्यांवर बसून बराच वेळ बघत राहिला.

"आंटी, हा खड्ड्यात उभा असेल."

"बूट बघ. पुढच्याच्या दोन पायांमधून दिसतायत. जमिनीवर आहेत."

"मग तो वाकलाय."

"मागचा कठडा बघ. सरळ उभा आहे बिचारा. तुझ्यासारखा पोक काढून नाही."

कमांडरने पाठ सरळ केली. "पण आंटी, ही त्यांची चूक आहे. चुकून उभा राहिलाय तो."

मला राहवलं नाही. माझ्यातला नट जागा झाला. मी उठलो, चिमटा हातात घेतला आणि म्हणालो, "माझा पट्टा सरळ होता, मेट. तू मला काय म्हणाला होतास?"

सॉसेज करपले. कुणीच उलटवायला गेलं नाही. शेवटी कमांडर उठला. "तसंच हवं," तो म्हणाला. "बनवा, आंटी. पण हुबेहूब. तुमच्यासाठी सवलत नाही."

"कुणी मागितलीय?" मावशी म्हणाल्या.

मी जन्मात तसं चिलखत पाहिलेलं नाही. सगळीकडे एकसारखी जाडी, एकही सुरकुती नाही, वाकडा पट्टा तेवढाच वाकडा. फोटो काढायच्या दिवशी त्या पूर्ण वेशात गॅरेजमध्ये उभ्या राहिल्या. हेल्मेट डोक्यावर सुरेख बसलं होतं. पट्टा कमरेवर जिथल्या तिथे. मी त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. मग दुसरी. मग बोट वाकवलं आणि त्यांच्या हेल्मेटवर टक् टक् केलं.

"मावशी," मी म्हणालो, "पडद्यावर आहे का असं?"

 आयुष्यभर ज्या बाईने लोकांच्या जबड्यात अचूक बसणाऱ्या गोष्टी केल्या, तिच्या हाताला सैल काही करताच येत नव्हतं. हेल्मेटच्या आत त्यांनी स्पंजच्या गाद्या लावून ते आपल्या डोक्याच्या मापाचं केलं होतं. चक्क माझीच चूक त्यांनी केली होती! हा क्षण मी पुढे कित्येक जेवणांच्या टेबलांवर साभिनय करून दाखवला आहे.

"मेल्या," आतून आलं, "काढ त्या गाद्या."

मी काढल्या. हेल्मेट गदकन डावीकडे कललं. पट्टा मांडीवर आला. आणि गॅरेजमध्ये तो शेवटच्या रांगेतला शिपाई उभा होता. तसाच. 

मंजुरी आली ती पहिल्याच फेरीत.

त्यानंतरच्या हॉस्पिटलच्या फेरीला सांभाळणारा मी होतो. मीच हट्ट धरला. पिशवी माझ्या खांद्याला. कललेल्या हेल्मेटमधून मावशींना फक्त छताचा एक कोपरा दिसत होता. "स्टेप, मावशी. डावीकडे खांब." सहा फुटी रांगेच्या टोकाला त्या ठुमकत चालल्या होत्या आणि कॉरिडॉरमधली मुलं आम्हा सगळ्यांना सोडून त्यांच्याकडेच धावत होती. एक जण तर उंची मापायला शेजारी उभा राहिला आणि बोटभर जास्त भरला. कमांडर एवढा मोठा माणूस, पण त्याचं हेल्मेट आतून धुकटलं होतं. घामाने, असं तो म्हणाला.

त्या खाटेवर दुसरंच मूल होतं. रुमालवाली मुलगी बरी होऊन घरी गेल्याचं नर्सने सांगितलं. मी ते हेल्मेटजवळ तोंड नेऊन सांगितलं.

"गेली?" मावशी म्हणाल्या. "बरं झालं. जाऊ दे." आणि मग, "पण मेलीला एक दिवस थांबायला काय हरकत होती?"

आता आमच्या नियमांत त्या शिपायाची वेगळी नोंद आहे. इतकी वर्षं पिशव्या वाहणाऱ्या बुटक्या बायका आणि दोन बुटके बाप्ये आज रांगेत आहेत. ते सगळे हेल्मेट डावीकडे कलतं करून चालतात. दुसऱ्या देशांतल्या तुकड्याही विचारतात, हा तुम्हाला सापडला कसा? तेव्हा आम्ही सगळे एकदम बोलायला लागतो आणि जेवण गार होतं.

मावशी मात्र गिरावीनला नाहीत. लेकीला बाळ झालं तेव्हा त्या मेलबर्नला, क्रेगीबर्नला राहायला गेल्या. चिलखत ब्लँकेटांत गुंडाळून नेलं. कपडे पुढच्या खेपेला येतील म्हणाल्या. आता घरचा व्हॅक्यूम क्लीनर घरात असतो. बायको म्हणते, त्याचा आवाज ऐकून बरं वाटत नाही.

परवा तिकडच्या तुकडीचा फोटो आला. नाव नाही, काही नाही, चेहरे तर सगळे झाकलेलेच. मी कमांडरला दाखवला. त्याने बोटांनी मोठा केला. शेवटच्या रांगेत डाव्या टोकाला एक बुटका शिपाई. हेल्मेट कललेलं, पट्टा मांडीवर, अगदी हुबेहूब. फक्त त्याचा उजवा हात वर आहे, मधलं बोट वाकवलेलं, आणि ते पुढच्या धिप्पाड शिपायाच्या पाठीवर टेकलंय.

"हे पडद्यावर नाही," कमांडर म्हणाला. त्याने फोटो आणखी मोठा केला आणि ते बोट निरखलं.

"फोन लाव कुणालातरी तिकडे," मग म्हणाला. "त्या उंच गड्याला सांग, बसू नकोस म्हणून."