सरांना न पाठवलेली बातमी

चाकूरच्या शाळेतले मराठीचे सर. माझ्यावर सर्वांत जास्त उपकार त्यांचे आहेत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. सर घरी आले, वडिलांशेजारी ओट्यावर बसले आणि त्यांना समजावलं. विष्णुपुरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात पहिल्या दिवशी मला एसटीनं सोडायलाही तेच आले होते.

निवृत्तीनंतर सर आणि काकू लातूरला राहायला गेले. मी नांदेडला एका तंत्रनिकेतनात शिकवतो. विजेवरच्या गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर सरांनी निवृत्तीच्या पैशातून घेतले होते. कंपनी मीच सुचवली होती, माझेही थोडे शेअर होते. तिच्या बातम्या बहुतेक इंग्रजीत येत आणि बाजाराचं इंग्रजी सरांना झेपत नसे. म्हणून दर रविवारी मी आठवड्याच्या बातम्या कागदावर मराठीत लिहायचो आणि त्याचा फोटो त्यांना पाठवायचो. सर आधी माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून कळवत, मग बातमीवर बोलत.

त्याच कंपनीचे शेअर घेतलेले आम्ही चौघं रविवारी सकाळी आयटीआयजवळच्या हॉटेलात चहाला जमायचो. एक कापड दुकानदार, एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब, एक विमा एजंट आणि मी. एका रविवारी एजंटानं मोबाइलवर बातमी दाखवली. गाड्यांच्या बॅटऱ्या तापतात अशा तक्रारी आहेत आणि कंपनी त्या दाबते आहे, असं एका इंग्रजी वृत्तपत्रानं छापलं होतं.

"विकले गेलेत हे पेपरवाले," दुकानदार म्हणाले. "कंपनीनं जाहिरात बंद केली असंल, लागले मागं."

"मागच्या महिन्यात ह्याच पेपरात कौतुक आलं, तवा सगळ्या गल्लीला दाखवत फिरलात की, शेठ," साहेब म्हणाले.

"तवा खरं लिहून राहिले होते ना!"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. "तक्रारी करणाऱ्यांची गावं दिलीत त्यात. एकाला तरी विचारा."

"साहेब, तुम्हाला पेन्शन हाय. तुम्हाला खरं परवडतं," एजंट म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "इंजिनीअर, तुम्ही बोला. गाडीतलं तुम्हाला कळतं."

मी बांधकामाचा इंजिनीअर. तरी म्हणालो, "एका बातमीवरून निष्कर्ष काढणं योग्य नाही."

"ऐका! शिकलेला माणूस काय म्हणून राहिला ते ऐका," दुकानदार म्हणाले आणि माझ्या चहाचे पैसे त्यांनीच दिले.

घरी येऊन मी सरांचा कागद लिहायला बसलो. सरांचा निरोप आला होता. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीआधी करावं म्हणतो, शेअर विकू की थांबू? मी ती बातमी पुन्हा वाचली. मग कागदावर लिहिलं, 'या आठवड्यात विशेष काही नाही. थांबावं असं वाटतं.' त्या दिवशी सरांना एकही चूक सापडली नाही. पुढच्या दोन रविवारीही त्या बातमीबद्दल मी काही लिहिलं नाही.

त्यानंतर कंपनीनंच गाड्या परत मागवल्या. शेअर इतका पडला की ऑपरेशनचा खर्च त्यातून निघणार नव्हता. मला काही वाटलं नाही. मी तास घेतले, जेवलो, बाईकमध्ये पेट्रोल भरलं. संध्याकाळी सरांचा फोन आला.

"अरे, मनाला लावून घेऊ नकोस," सर म्हणाले. "तुझा काय दोष? बातमीच नव्हती तेव्हा."

मी म्हणालो, "हो सर."

"काकू म्हणते, गुडघा काय, पुढच्या वर्षी बघू. तू जेवलास का?"

मी त्यालाही हो म्हणालो. फोन ठेवला आणि चार्जिंगला लावला. चार दिवसांनी हे पत्र लिहून पोस्टात टाकलं.

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

तेव्हा बातमी होती. मी ती वाचली होती, आपल्याला लिहिली नाही. ती खोटी आहे असं चारचौघांत ठरलं. मला ते खरोखर पटलं होतं असंही म्हणता येणार नाही. ती खोटी ठरली तर बरं, एवढंच वाटत होतं. फोनवर आपण 'बातमीच नव्हती' म्हणालात तेव्हाही मी खोटं बोललो.

ती पूर्ण बातमी मराठीत लिहून सोबत जोडली आहे. वर तारीख घातली आहे, म्हणजे शेअर विकू का असं आपण विचारलंत त्याआधीच ती आली होती हे आपल्याला दिसेल.

शनिवारी सकाळच्या गाडीनं लातूरला येतो. ऑपरेशनचा खर्च मी करणार आहे. आपण नको म्हणाल, म्हणून दवाखान्यात आधीच बोलून ठेवलं आहे. काकूंना हे पत्र वाचून दाखवावं. त्यांना मी तोंडानं सांगू शकेन असं वाटत नाही.

यापुढे बातम्या दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्याव्यात.

आपला विद्यार्थी