सुमनताईची भिंत

सुमनताई गेल्याचं सांगायला माझा थोरला भाऊ आला, तेव्हा त्याने सायकल अंगणात तशीच फेकून दिली. "नाशिक रस्त्यावर... ट्रकनं..." एवढंच बोलला आणि उंबऱ्यावर डोकं आपटायला लागला. पहिल्या शिफ्टला निघालेली ताई जागीच गेली होती. कपाळ फुटेपर्यंत दादा थांबेना, शेवटी मी आणि आईने त्याला दाबून धरलं. या गोष्टीला महिना झाला. या बाईसाठी दादा असा रडेल, असं पूर्वी कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

काळेवाडीत एका गोदामाच्या मागच्या भिंतीपाशी ताई आम्हा कामगारांच्या पोरींना कबड्डी शिकवायची. मूळची मावळातली, बोलणं रांगडं, हात त्याहून रांगडा. खेळाआधी गेरूत हात बुडवायचा, उडी मारायची आणि भिंतीवर थाप द्यायची. जिच्या तिच्या ठशाखाली नाव. सगळ्यात वर ताईचा ठसा, सगळ्यात खाली माझा. एकदा एकीने दुसरीचा ठसा पुसला, तर दोघींनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, एकीचा दात पडला. ताईने दोघींना एकेक सणसणीत ठेवून दिली. "पार वर बघाल तर खचाल, खाली बघाल तर माजाल. आपल्या लगेच वर कुणाचा हात हाय, तेवढाच बघायचा. उद्या त्यो गाठायचा!" अशी एकेकीला गाठत मी वर्षभरात ताईच्या खालोखाल आले.

आणि मग मी चोरून कबड्डी खेळते, हे दादाला कळलं. आठ तास मशीनपुढे उभा राहून तो संतापानेच भरलेला असायचा. त्यात मी त्याच्याहून बोटभर उंच, तेही त्याला सलायचं. सरळ मैदानात आला आणि माझी वेणी धरून मला फरफटत निघाला. ताई आडवी आली. दादाने सायकलचा लोखंडी पंप उगारला आणि तिच्या उजव्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला... तो अजून कानात आहे. क्षणात सगळ्या पोरी त्याच्यावर तुटून पडल्या. घोटे धरून पाडला, लाथा घातल्या, तोंड मातीत घासलं.

"सोडा त्याला," ताई दात आवळून म्हणाली. "ए, बुडव हात. बहिणीच्या वर थाप दे, मग ने तिला."

दादाने तीनदा उडी मारली. ठसा माझ्या ठशाच्या वीतभर खालीच राहिला. कुणीतरी फिदीफिदी हसलं आणि तो पळाला. घरी त्याने मला बडवलं, पण खेळायला पुन्हा अडवलं नाही. आठवडाभराने पाहिलं, तर शिफ्टआधी एकटाच भिंतीपाशी उड्या मारत होता.

ताईचा खांदा मात्र वाकडाच जुळला. तिचा नवा ठसा आम्हा सगळ्यांच्या खाली उमटला. दादा पाया पडायला गेला, तर त्यालाच दटावलं, "रडतोस काय, भावा? आता मला गाठायचा त्यो वरचा हात माझाच हाय." रोज उडी मारायची. शेवटपर्यंत तो हात तिला गाठता आला नाही, याचा मला अजून राग येतो.

दादा आजही शिफ्टआधी तिथे जातो. त्याची थाप ताईच्या वरच्या ठशाच्याही वर जाते, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण गेरूला तो शिवत नाही. परवा मीच गेरूचं डबडं त्याच्यापुढे धरलं.

दादाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "ह्यो हात? तिच्या वर?... न्हाई."

आणि कोरड्याच हाताने पुन्हा उडी मारली.